ॲस्पेनवरचा नवरदेव

पेयोकाकाने "मी सही करणार नाही" असं जाहीर केलं तेव्हा सूपचं भांडं टेबलाच्या अर्ध्यावरही आलं नव्हतं. कातालिनमावशीच्या खानावळीत सूप पोचायच्या आत भांडण सुरू व्हावं, हे उर्रुती घराण्यातसुद्धा पहिल्यांदाच घडत होतं. एरवी भांडणं मटणानंतर होत.

माइदेरने कागद पुन्हा एकदा सारखे केले. सगळं अपील तिने लिहिलं होतं. घरात कुरणशास्त्राची पदवी तिच्याकडेच होती, आणि घरच्यांच्या मते पदवी असलेल्या माणसाला सरकारी भाषा आपोआप येते.

"काका, चराईचा परवाना तुम्हां दोघांच्या नावावर आहे," ती म्हणाली. "बाबांनी सही केली आहे. तुमची नसेल तर जमीन कार्यालय अपील घेणारच नाही. आणि उद्या शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तिसरा मुद्दा खोटा आहे," पेयो म्हणाला, आणि शांतपणे पाव तोडायला लागला.

बेन्यात, म्हणजे माइदेरचे बाबा, खाली मान घालून आधीच वाढलेल्या घेवड्याचे दाणे मोजल्यासारखे ताटात इकडून तिकडे सरकवत होते. माइदेरने ते पाहिलं. बाबा घेवडा कधीच सोडत नसत.

जमीन कार्यालयाचा निर्णय गेल्या महिन्यात रजिस्टर टपालाने आला होता. डोंगरावरची ॲस्पेनची राई, तिच्यातला झरा आणि झऱ्याभोवतीचं कुरण उर्रुतींच्या मेंढ्यांना बंद. कारण राईतल्या खोडांवर जुन्या बास्क मेंढपाळांनी चाकूने कोरलेली नावं, तारखा आणि चित्रं आहेत. तो वारसा आहे आणि तो जपायला हवा. यात गंमत अशी, की त्या वारशातला निम्मा भाग माइदेरच्या आजोबांनी स्वतः कोरला होता. स्पेनच्या सीमेलगतच्या बास्क मुलखातल्या गावातून ते अमेरिकेत, नेवाडात आले, वर्षातले चार महिने त्या डोंगरावर एकटे राहिले, आणि बोलायला कोणी नव्हतं म्हणून झाडांशी बोलले. आता त्यांची अक्षरं जपण्यासाठी त्यांच्याच मेंढ्यांना वाटेवर अडवलं जात होतं.

पण खरा घाव पुढच्या परिच्छेदात होता. त्यात लिहिलं होतं की परवानाधारकांपैकी एकाने गेल्याच उन्हाळ्यात एका जुन्या झाडावर नवीन कोरीवकाम करून नुकसान केलं. सोबत फोटो होता. बेरेट टोपी घातलेला एक नवरदेव, गळ्यात बो टाय, आणि त्याचा हात धरून उभी एक मेंढी, तिच्या डोक्यावर नवरीचा झिरझिरीत पदर. खाली अक्षरं: पी. यू. आणि आकडा: २००९.

पी. यू. म्हणजे पेयो उर्रुती. या जिल्ह्यात दुसरा पी. यू. नव्हता.

"एक मिनिट," मिकेल म्हणाला. हा माइदेरचा थोरला भाऊ, शहरात ट्रक विकायचा आणि मेंढ्यांकडे जुन्या मॉडेलसारखा बघायचा. "तिसऱ्या मुद्द्यात काय आहे?"

माइदेरने वाचलं. "'सदर चित्र आमच्यापैकी कोणीही काढलेले नाही. ते अज्ञात गिर्यारोहकांनी आमच्या बदनामीसाठी काढले असावे.' हे बाबांनी सांगितलं. मी फक्त लिहिलं."

"गिर्यारोहक!" माइदेरची आई तेरेशा म्हणाली. तिला हसू आवरेना. "म्हणजे कोणीतरी एवढा डोंगर चढून गेलं, आपल्या भावजींचं नाव शोधलं, आणि त्यांचं मेंढीशी लग्न लावून परत आलं?"

"लोकांना कामं नसतात," बेन्यात घेवड्याला म्हणाले.

"काका, मग तुम्हीच काढलंत का?" मिकेलने विचारलं.

पेयोने त्याच्याकडे बघितलं. एकसष्ट वर्षांचा हा माणूस दर उन्हाळ्यात दोन कुत्रे, एक खेचर आणि हजारभर मेंढ्या घेऊन वर जायचा आणि थंडी पडली की खाली यायचा. इतक्या वर्षांत त्याच्या आवाजाला माणसांपेक्षा कुत्र्यांचीच सवय जास्त झाली होती.

"नाही," तो म्हणाला.

"मग सही करा."

"नाही."

"छान," मिकेलने हात झटकले. "मग मी बुधवारी त्या माणसाला बोलावतोच. कळप घ्यायला तो तयार आहे. आई, तूच सांग. झरा नसेल तर जुलैपासून मेंढ्या ठेवणार कुठे? आपल्या अंगणात?"

तेरेशाने खांदे उडवले. लग्न झाल्यापासून दर वसंतात कोकरांसाठी तिची झोप मोडत आली होती. "मुलगा काही चूक बोलत नाही," ती म्हणाली, आणि टेबलावर उभी फूट पडली: एका बाजूला आई आणि मिकेल, दुसऱ्या बाजूला बाबा आणि माइदेर, आणि शेवटच्या खुर्चीवर पेयोकाका एकटा, पावासकट.

मधे होती कातालिनमावशी. आईची धाकटी बहीण, या खानावळीची मालकीण. ती बसत नसे. सूपचं भांडं तिने असं आपटलं, की चमचे जागचे हलले.

"निवेल," ती म्हणाली. ते कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

माइदेरने फोटो पुन्हा हातात घेतला. गेले चार दिवस या फोटोत काहीतरी तिला खटकत होतं, आणि अपील लिहिण्याच्या गडबडीत तिने ते बाजूला ठेवलं होतं. आता तिने तो खिडकीकडे धरला. नवरदेवाची टोपी, मेंढीचा पदर, दोन्हींच्या रेघा बोटाएवढ्या रुंद, काळ्या, खडबडीत, कडा फुगलेल्या.

"ही रेघ नवीन नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ॲस्पेनवर चाकूने कोरलं तर पहिल्या वर्षी केसाएवढी रेघ दिसते. जवळ जाऊन बघावं लागतं. मग खोड जाड होत जातं तशी जखम आडवी ताणली जाते, काळी पडते. इतकी रुंद व्हायला..." तिने दुसरा फोटो काढला. "हे बघा. शेजारचं झाड. इथे कोणीतरी १९७५ कोरलंय. रेघेची रुंदी तीच, तसाच काळेपणा. खोडाची जाडीही जवळपास तेवढीच. म्हणजे हे चित्र पस्तीसेक वर्षांपूर्वीचं आहे."

"पण खाली २००९ लिहिलंय की," मिकेल म्हणाला. "पस्तीस वर्षांपूर्वी झाडाला पुढचं कळलं होतं का?"

"झाडाला नाही. कोरणाऱ्याला."

माइदेरने आपसूक बाबांकडे पाहिलं. बाबा आणि काका चाळीस वर्षं मुसचे जोडीदार होते. पत्त्यांच्या या खेळात जोडीदाराला तोंडाने खुणा करायची परवानगी असते. ओठ चावला की एक अर्थ, जीभ दाखवली की दुसरा. एकच गोष्ट चालत नाही: खोटी खूण. त्याला बास्क माणूस चोरीहून वाईट समजतो.

बाबांनी पेयोकाकाकडे पाहिलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. हातात काहीच नाही, अशी ती खूण होती.

पेयो उठला. "मी मागे आहे," म्हणाला आणि दार लोटून निघून गेला.

*

खानावळीच्या मागे पेलोताची भिंत होती. पूर्वी घरापासून दूर आलेले मेंढपाळ हिवाळ्यात इथे राहायचे आणि रविवारी या भिंतीवर उघड्या हाताने चेंडू मारायचे. आता तिच्या कडेला कातालिनची टोमॅटोची रोपं होती. बेन्यात बाहेर आले तेव्हा पेयो चेंडू मारत होता. त्याच्या हाताचा आवाज कोरडा होता, लाकडासारखा.

"खोटं कशाला लिहिलंस?" तो मागे न वळता म्हणाला.

"मग खरं लिहू?"

"नको."

"मग काय लिहू, पेयो? खरं आणि खोटं सोडून तिसरं काही सरकार घेत नाही."

चेंडू परत आला. पेयोने तो डाव्या हाताने परतवला.

खरं असं होतं. पेयो तरुणपणी दर शरदात मेंढ्या खाली आणल्या की या खानावळीत यायचा, टेबलाच्या शेवटी बसायचा, आणि वाढणाऱ्या मुलीला पावाशिवाय दुसरं काही मागायचा नाही. वाढणारी मुलगी म्हणजे कातालिन. बेन्यातचं तेव्हा तिच्या बहिणीशी लग्न ठरलेलं होतं, म्हणून ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. पेयो सत्तावीस वर्षांचा असताना, त्या उन्हाळ्यात वर, झऱ्यापाशी, ते त्याला म्हणाले, अरे, या वर्षी तरी विचार तिला. पेयो म्हणाला, घाई काय आहे, साठीला करीन लग्न. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी बेन्यातचा संयम संपला. पेयो मेंढ्यांमागे गेला होता, चाकू खिशात होता, समोर गुळगुळीत पांढरं खोड होतं. पेयोचं जन्मसाल अधिक साठ. हिशेब बरोबर होता, हे त्यांना अजूनही वाटत होतं. चित्रही बरं जमलं होतं. मेंढी तर फारच.

पेयोने ते पाहिलं आणि बर्फ पडेपर्यंत भावाशी बोलला नाही. मग बेन्यातनी आईची शपथ घेतली, की हे कोणालाही सांगणार नाही. शपथ ते विसरले नव्हते. झाड मात्र पार विसरले होते. त्यांना काय माहीत होतं, झाड दरवर्षी ती गोष्ट जरा मोठ्याने सांगत होतं.

"मीच कोरलं असं लिही," पेयो म्हणाला. "दंड भरतो."

"तू स्वतःचंच लग्न मेंढीशी लावून त्याचं चित्र काढलंस, असं लिहू?"

"लिही."

"मग बंदी कायम होईल, गाढवा! त्यांचं म्हणणंच ते आहे. आणि राई गेली की तू काय करणार? मिकेलच्या दुकानात ट्रक धुणार?"

पेयोने चेंडू पकडला. वरच्या त्या कुरणाव्यतिरिक्त कुठेही आपण कसे दिसतो, याची त्याला कल्पनाच नव्हती.

"मग मी कोरलं, असं लिहितो," बेन्यात म्हणाले. "शपथ मोडतो. आई वर बघून घेईल."

"का कोरलं ते लिहावं लागेल. तेच साल का, ते लिहावं लागेल."

"लागेल."

"आणि प्रत तिला जाईल."

हे बेन्यातच्या लक्षातच आलं नव्हतं. निर्णयाच्या शेवटी विरुद्ध पक्ष म्हणून एकच नाव होतं: राज्य वृक्षलेख जतन मंडळ, जिल्हा चिटणीस कातालिन सालाबेर. राईतली झाडं मरायला लागली आहेत, त्यांची नोंद करा, असा अर्ज वर्षभरापूर्वी तिनेच केला होता. मेंढ्या बंद करा, असं तिने कुठेही म्हटलं नव्हतं. पण सरकारी कचेरीत एक दार उघडायला सांगितलं की दोन बंद होतात, हे तिला माहीत नव्हतं.

"हं," बेन्यात म्हणाले. मग टोमॅटोकडे बघत म्हणाले, "पण पेयो, साठ झाली ना रे तुला गेल्या वर्षी?"

पेयोचा चेंडू चुकला आणि थेट टोमॅटोत गेला.

*

कातालिन भांडी घासत होती. माइदेर स्वयंपाकघरात आली तेव्हा तिने वळून पाहिलंही नाही.

"मावशी, तुला प्रत द्यायची आहे."

"टपालाने पाठव."

"मी तुझ्यासमोर उभी आहे."

"नियम काय आहे?"

"टपालाने, किंवा हातात देऊन सही घ्यायची."

"हात ओले आहेत."

माइदेरने तिला टॉवेल दिला. कातालिनने हात पुसले, चष्मा लावला आणि अपील वाचायला लागली. चिटणीसपद तिने गंभीरपणे घेतलं होतं. पहिला मुद्दा, चराईचा इतिहास: बरोबर. दुसरा, झऱ्याच्या पाण्याची मोजमापं: पोरीने नीट केलं आहे. तिसरा.

तिने तिसरा मुद्दा दोनदा वाचला.

"हे खोटं आहे."

"मलाही तसंच वाटतं. पण पुरावा नाही. माझा अंदाज रेघेच्या रुंदीवरून आहे. कार्यालय म्हणेल की अंदाज काय, कोणीही करेल. त्या काळात ते चित्र कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं हवं."

कातालिन बाहेर बघत होती. खिडकीतून भिंत दिसत होती, आणि दोन म्हातारे तिच्या टोमॅटोत वाकून काहीतरी शोधताना दिसत होते.

तिने ते चित्र पाहिलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, ऑगस्टमध्ये. वडिलांची जीप घेतली होती आणि अर्ध्या वाटेनंतर चालत गेली होती. पेयोच्या तंबूत कोणी नव्हतं. कुत्राही नव्हता. ती झऱ्यापाशी बसली होती आणि समोरच्या खोडावर तिला बारीक खरवडल्यासारखं दिसलं होतं. इतकं बारीक, की बोट फिरवून वाचावं लागलं. टोपी. मेंढी. दोन अक्षरं. साल. मोजायला तिला वेळ लागला नव्हता, हिशेबात ती कायमच चांगली होती. साठीला! हसावं की रडावं ते तिला कळेना. मग तिला राग आला आणि ती खाली परत आली. सालाबेर दोन महिन्यांपासून लग्नाचं विचारत होता. त्याला तिने हो म्हटलं.

ती काही वाट बघत बसलेली बाई नव्हती. संसार केला, दोन मुलं वाढवली, नवरा चांगला होता, तो गेला. पण गेल्या वर्षी ते झाड वाळायला लागल्याचं कोणाकडून तरी कळलं, आणि तिने मंडळाला अर्ज लिहिला. त्याची नोंद व्हावी, फोटो निघावा, एवढंच. झाड माणसाएवढंच जगतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"मी पाहिलंय," ती म्हणाली.

"काय?"

"चित्र. सत्त्याहत्तर साली. तेव्हा ते नवीन होतं."

माइदेरने हळूच खुर्ची ओढली. "मावशी, तू विरुद्ध पक्ष आहेस."

"मग विरुद्ध पक्षाला खरं बोलायची बंदी आहे का?"

"नाही. उलट..." माइदेरने मनातल्या मनात नियम चाळले. "उलट याहून चांगला साक्षीदार असूच शकत नाही."

"मग टाईप कर. आणि सगळ्यांना आत बोलाव. एकदाच सांगेन, दोनदा नाही."

*

मटण टेबलावर आलं तेव्हा माइदेर लॅपटॉप उघडून बसली होती. कातालिन उभी होती, हात कमरेवर.

"मी, कातालिन सालाबेर, शपथेवर सांगते," तिने सुरुवात केली, "की निर्णयात नमूद केलेलं चित्र मी सत्त्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये स्वतः पाहिलं आहे."

तेरेशाचा काटा हवेतच राहिला. "तू वर गेली होतीस?"

"हो."

"कशाला?"

"हे लिहावं लागेल का?" कातालिनने माइदेरला विचारलं.

"कार्यालय विचारेल," माइदेर म्हणाली. "इतक्या लांब तिथे का गेला होतात म्हणून."

"लिही. पाव द्यायला."

"पाव!" तेरेशा ओरडली. "मेंढपाळाला पाव? अगं, ते जमिनीत खड्डा करून स्वतः पाव भाजतात! आपण त्यांच्याकडून मागून आणतो!"

"बरं. लिही, वैयक्तिक कारणासाठी."

तेरेशाने आधी बहिणीकडे पाहिलं, मग दिराकडे. पेयो दारात उभा होता, टोपी डोक्यावर, टोमॅटोचा रस मनगटावर. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. बेन्यातनी ताबडतोब मटण वाढून घेतलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"अर्धं."

"अर्धं! माझी बहीण, माझा दीर, माझा नवरा, आणि मला कोणी काही सांगितलं नाही! मी या घरात काय बटाटे सोलायला आहे? आणि ते चित्र कोणी काढलं?"

बेन्यातनी काटा खाली ठेवला. "मी."

"मेंढी तू काढलीस?"

"मेंढी चांगली आलीय," बेन्यात पुटपुटले.

"माझ्या बहिणीच्या जागी तू मेंढी काढलीस!"

"तेव्हा कुणाचीच जागा ठरली नव्हती! म्हणूनच तर काढली!"

मिकेलला हसता हसता ठसका लागला. तेरेशाने त्याच्या पाठीत थाप मारली, गरजेपेक्षा जरा जोरात. "आणि तू. त्या माणसाला फोन कर. बुधवारी यायचं नाही म्हणून सांग."

"आई, तूच मघाशी म्हणालीस की..."

"मघाशी मला काही माहीत नव्हतं. आता कोण राई सोडतंय बघते. माझ्या बहिणीने तिथपर्यंत चालत जायचं आणि सरकारने ते वारसा म्हणून कुलूपबंद करायचं?"

टेबलाचं गणित पुन्हा बदललं. आता सगळे एका बाजूला होते. दारातला पेयो तेवढा कुठेच नव्हता. माइदेर त्याच्याकडे बघत थांबली होती. साक्ष मिळाली होती, कोरणारा कबूल झाला होता. राहिलं होतं ते साल. पस्तीस वर्षांपूर्वी कोणी २००९ का कोरेल, हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या सहीशिवाय हे सगळे कागद म्हणजे रद्दी होती.

"मी कुठे होतो?" पेयोने विचारलं. "त्या दिवशी."

"मेंढ्यांत," कातालिन म्हणाली. "आणखी कुठे?"

"हाक मारायची."

"मी दहा मैल हाका मारत फिरायचं, आणि तू इथे माझ्यापासून दोन हातांवर बसून पाव मागायचा?"

पेयोने दाराची चौकट पकडली. माइदेरने त्याला इतकं लाल झालेलं उन्हातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला परत त्या भिंतीकडे पळायचं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. त्याऐवजी तो आत आला आणि माइदेरच्या मागे उभा राहिला.

"तिसरा मुद्दा खोडून टाक," तो म्हणाला. "नवीन लिही. सदर चित्र माझ्या भावाने काढलं. शहात्तर साली. त्या वेळी मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि भित्रा होतो."

"भित्रा लिहू?"

"लिही. सरकारला कारण हवंय ना. मी भावाला म्हणालो होतो की साठीला लग्न करीन. त्यावरून त्याने ते साल घातलं. कोणाशी करीन ते मी म्हणालो नव्हतो. मेंढीशी तर नक्कीच म्हणालो नव्हतो." त्याने श्वास घेतला. एका दमात इतकं तो कुत्र्यांशीही बोलला नसेल. "आता पेन दे."

त्याने सही केली. मग सगळे मटणावर तुटून पडले, कारण ते खरोखरच निवत चाललं होतं.

*

सोमवारी दुपारी पेयो जमीन कार्यालयाच्या खिडकीशी उभा होता. गळ्याशी बटण लावलेला शर्ट त्याला टोचत होता. बेन्यातना आत यायचा धीर झाला नव्हता. ते बाहेर ट्रकमध्ये बसून होते. माइदेर होती, आणि कातालिन होती, कारण साक्षीदाराची सही अधिकाऱ्यासमोर व्हायला हवी होती. मागे रांग होती: एक खाणवाला, दोन शिकारी, आणि तंबूचा परवाना मागायला आलेलं एक तरुण जोडपं.

खिडकीतली मुलगी माइदेरच्याच वयाची होती. तिने अपील पानापानाने तपासलं. दोन्ही सह्या. स्थगितीचा अर्ज. विरुद्ध पक्षाला प्रत दिल्याची पोच. तिसऱ्या मुद्द्याशी ती थांबली, वर पाहिलं, पेयोच्या टोपीकडे पाहिलं, परत खाली पाहिलं. तिचे ओठ हलले, पण ती सरकारी नोकर होती.

तिने शिक्का मारला.

"अर्जावर निर्णय होईपर्यंत बंदी लागू होणार नाही," ती म्हणाली. "मेंढ्या वर नेऊ शकता."

पेयोच्या लेखी झरा, तंबू, दोन्ही कुत्रे, सगळं एकदम जागेवर आलं. त्याने काउंटरला हात टेकला.

"आता साक्षीदाराचं निवेदन," मुलगी म्हणाली. कातालिनने सही केली, चष्मा काढला. मुलीने कागद उलटा केला. "एक रकाना राहिलाय. साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं."

"वहिनीची बहीण," माइदेर चटकन म्हणाली.

"ते अर्जदाराच्या भावाच्या बायकोचं नातं झालं. इथे थेट नातं हवं. काही नसेल तर 'नाही' लिहा."

माइदेरने पेन उचललं. पेयोने तिचा हात धरला.

"'नाही' लिहू नको," तो म्हणाला.

"मग काय लिहू, काका? रिकामा ठेवता येत नाही."

पेयोने खिडकीतल्या मुलीकडे पाहिलं. तिने काही मदत केली नाही. त्याने शिक्क्याकडे पाहिलं. मग त्याला वळावंच लागलं.

"विचारायचं राहून गेलंय," तो म्हणाला.

"मग विचार," कातालिन म्हणाली. "मागे रांग आहे."

खाणवाला एक पाऊल मागे सरकला. तंबूवाल्या मुलीने आपल्या मित्राला कोपर मारलं.

पेयोने टोपी काढली.